जॅक कुठं होता

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो न्हाई. बायकोपाशी न्हाई, पोरीपाशी न्हाई. देवापुढं उभा राहिलो तर तिथं बी तोंड मिटूनच. आता कौसा जाऊन सहा महिने झाले. घरात बोलायला कुणी उरलं न्हाई, म्हणून कागदाशी बोलतो. चौथी शिकलेला माणूस हाय, अक्षर वाकडंतिकडं जाईल. गोष्ट मात्र सरळ सांगायची ठरवलीय — बघू, जमतंय का.

तुमी आमच्या गावात येऊन माझी चौकशी केलीत तर लोक आधी हसतील. म्हणतील, तो जॅकवाला म्हातारा का? गावात कुणी नवी गाडी आणली की मी तिथं जातो. लोक बोनेटला हार घालतात, पेढा हातावर ठेवतात. मी पेढा खिशात टाकतो आन् विचारतो — स्टेपनी हाय का? जॅक हाय का? पाना? मग डिकी उघडायला लावतो. स्टेपनीला अंगठा दाबून हवा बघतो. जॅक फिरवून बघतो, का नुसता गंजून पडलाय. पोरं लांबूनच ओरडतात, "आबा आले, डिकी उघडा रे!" बाकीचे म्हणतात, जन्म गेला गाडीवर, लई जपणारा माणूस.

जपणारा! तुमाला हसू येतंय का? मला येत न्हाई.

मागच्या महिन्यात जावई नवी गाडी घेऊन आले, नांदूरघाटाहून. माझी पोरगी सुरेखा संगं होती. मी डिकी उघडली, आतली चटई उचलली — खाली काहीच न्हाई. नुसता खड्डा.

जावई म्हणाले, "मामा, ह्या गाडीत स्टेपनी येतच न्हाई. हा बघा पंप, आन् ही डिंकाची बाटली. पंचर झालं की भोकात भरायचं."

"आन् टायर फाटलं तर?"

"फोन करायचा. माणूस येतो."

"घाटात फोन लागला न्हाई तर?"

"मामा, आता कोण घाटात अडकून राहतंय?"

सुरेखा मधी पडली. "आबा, जाऊ द्या की. तुमाला काय त्या जॅकनं झपाटलंय का?"

मी चटई परत सारखी केली. ही पोरगी बारा दिवसांची होती तवा एका जॅकच्या आधारानं निजलेली होती. तिला ठाऊक न्हाई. तिच्या आईला बी अर्धंच ठाऊक होतं — आन् ते अर्धं बी खोटं.

तर ऐका.

एक दुष्काळ होता. बहात्तरचा न्हवं, त्याच्या लई नंतरचा. बहात्तरात तर माझ्या हाती गाडी बी न्हवती. ह्या दुष्काळात मी गावच्या दूध सोसायटीची जीप चालवायचो. सकाळी डेअरीवर दूध गोळा व्हायचं, बारा कॅन भरायचे, ते घाटातून शीतकरण केंद्रावर पोचवायचे. विहिरी आटल्या होत्या, टँकर दोन दिवसांनी यायचा, शेतात काडी न्हाई. गावात हलतं-चालतं असं एकच उरलं होतं — दूध. बाया चारा-छावणीतून उसाचं वाढं डोक्यावर आणायच्या, म्हशीला घालायच्या, आन् निघंल तेवढं सगळं दूध डेअरीत आणून ओतायच्या. घरात पोरांना कोरा चहा. हे मी रोज डोळ्यानं बघत होतो. न बघितल्यासारखं बोलायला मला जागा न्हाई.

कौसा तवा बाळंतीण. पैलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिच्या माहेरची विहीर आमच्या आधी आटली. म्हणून ती माझ्याच घरी राहिली. घर माळवदाचं — वर मातीचं छत, खाली सागवानी तुळई, तिला मधोमध एक खांब. त्या खांबाच्या बुडाला वाळवी लागलेली. वरून बघाल तर धडधाकट, खाली बोट घातलं की भुसा. एक दिवस कौसा म्हणाली, "अवं, रात्रंदिवस वर कर्रकर्र वाजतंय. मला ह्या बाजंवर लेकरू घेऊन झोपायची भीती वाटती."

खांब बदलायचा तर सुतार पायजे. सुतार कुठं गावात? काम न्हाई म्हणून तो बी कोयता घेऊन ऊसतोडीला गेलता. अर्धं गावच गेलतं. मग मला एक शक्कल सुचली. दोन टेकू लावले, करवत घेतली, खांबाचं कुजकं बूड हातभर कापून काढलं. खालच्या तळखड्याच्या दगडावर जीपचा जॅक ठेवला. वर लाकडाचा ठोकळा. फिरवत फिरवत खांबाला भिडवला. कर्रकर्र थांबली. कौसा लेकराला घेऊन अंगणात लिंबाखाली बसली होती — त्या लिंबाला पाला न्हवता, शेरडांसाठी सगळा छाटलेला. ती उठून आत आली, वर बघितलं, खाली बघितलं. तिच्या तोंडावर जे आलं ना — तसं माझ्याकडं बघणं मला आयुष्यात लई कमी वेळा मिळालंय.

मग तिनं विचारलं, "सोसायटीचा तर न्हवं ना हा?"

मी म्हणालो, "न्हाई गं. रशीदभाईनं दिलाय."

का बोललो? कुणी मागं लागलं न्हवतं. ती काय मला चोर म्हणणार न्हवती. पण तिनं तसं बघितल्यावर मला ते अख्खंच्या अख्खं पायजे होतं, त्यात डाग नको होता. ही पैली लबाडी. एवढीशी. पुढची सगळी हिच्यावरच उभी राहिली.

रशीदभाई म्हंजे फाट्यावरचा मेकॅनिक. डेअरीसमोरच त्याची टपरी. पंचर, ग्रीस, ब्रेक, सगळं तोच बघायचा. सोसायटीच्या जीपचं काम बी त्याच्याकडंच. माझ्याच वयाचा, हात कायम काळे, बोलणं मिठ्ठास. दोन दिवसांनी मी जीप ग्रीसला नेली. त्यानं सवयीनं सीटखाली हात घातला.

"जॅक कुठं हाय बे?"

मी खरं सांगितलं. त्याला मात्र खरं सांगितलं! घराच्या खांबाखाली लावलाय म्हणालो. तो मनसोक्त हसला.

"घराला जॅक लावला? मग घराचं कंचं चाक बदलतोस, डायवर?"

मी बी हसलो. मग तो आत गेला, त्याचा जुना जॅक घेऊन आला. "हा घेऊन जा तवर. जुना हाय, पर उचलतो."

"ऱ्हाऊ दे. आठ दिवसांचा तर सवाल हाय. स्टेपनी हाय की माझ्याकडं."

"स्टेपनी हाय, जॅक न्हाई. म्हंजे चणे हायत, दात न्हाईत."

"आठ दिवस काय होतंय?"

त्यानं जॅक परत आत ठेवला. म्हणाला, "तुझी मर्जी."

हे नीट ध्यानात ठेवा. जॅक माझ्या हातात येत होता. मी नको म्हणालो. का? आळस. दुसऱ्याची वस्तू वागवायची, परत आणून द्यायची, त्याचा कंटाळा. आन् थोडा तोरा बी — मला काय होतंय! गाडी चालवणाऱ्याला हा तोरा असतोच. जोवर चाक बसत न्हाई तोवर.

चौथ्या दिवशी घाटात मागचं उजवं चाक बसलं.

ऊन चढत होतं. बारा कॅन भरलेले. स्टेपनी जाग्यावर, पाना जाग्यावर, टॉमीचा लोखंडी दांडा जाग्यावर. मी नट ढिले केले आन् तसाच बसून राहिलो. गाडी उचलू कशानं? एक एस.टी. आली. डायवरनं वेग कमी केला. कंडक्टर खिडकीतून म्हणाला, "आमचा जॅक तुझ्या जीपखाली शिरायचा न्हाई. तुझा कुठं हाय?"

"घरी."

"घरी? तिथं काय भाकरी भाजतोस का बे त्याच्यावर?" अख्खी गाडी हसली आन् निघून गेली.

मी सगळे कॅन एकट्यानं उतरवले. सावली कुठंच न्हाई. एकावर ओली गोणी टाकली, ती बघता बघता वाळली. दगड गोळा केले, आसाखाली रचले, आन् चाकाखालची जमीन टॉमीनं उकरत बसलो. मुरूम निघंना. हात सोलून निघाले. मध्यान टळून गेली तवा कुठं चाक फिरायला लागलं. स्टेपनी चढवली, कॅन चढवले, केंद्रावर पोचलो. तिथल्या माणसानं पैल्या कॅनचं झाकण उघडलं आन् तोंड फिरवलं.

"ओत."

"दुसरा बघा की."

त्यानं बघितला. तिसरा बघितला. बाराच्या बारा बघितले, माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून. मग मी एकेक कॅन उचलून गटारीच्या कडेला ओतला. ज्या सालात बाया टँकरच्या नळीखाली सांडलेलं पाणी वाटीनं भरत होत्या, त्या सालात. जमिनीनं आवाज करत पिऊन टाकलं. एक कुत्रं आलं, हुंगलं, प्यायला लागलं. मी त्याला हाकललं न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवर बाया उभ्या होत्या. भांडी भरून आणलेली, पण कुणी ओतंना. सोसायटीचे चेअरमन पायरीवर उभे.

"काल दूध कसं नासलं?"

"पंचर झालं."

"स्टेपनी न्हवती?"

"होती."

"मग?"

"जॅक न्हवता."

"गेला कुठं?"

इथं मी थांबतो. लिहिताना बी थांबलो — उठलो, पाणी प्यालो, परत येऊन बसलो. कारण तिथं बी मी थांबलो होतो. लोक म्हणतात, तोंडातून निघून गेलं. माझ्या तोंडातून निघून गेलं न्हाई. मला वेळ होता. माझ्या डोळ्यापुढं दोन वाटा स्पष्ट होत्या. मला दिसत होतं की मी कंची धरतोय.

"रशीदभाईकडं राहिलाय," मी म्हणालो. "ग्रीस करताना."

नोकरी जाईल म्हणून बोललो का? लई वर्सं मी स्वतःला तसंच सांगितलं. पण चेअरमन तसला माणूस न्हवता. ओरडला असता, चार शिव्या हासडल्या असत्या, आन् सोडून दिलं असतं. मला त्या बायांच्या डोळ्यापुढं लहान व्हायचं न्हवतं, एवढंच. आन् आणखी एक सांगतो, तेबी लिहायलाच पायजे. मी दुसरं कुणाचं नाव घेतलं असतं तर लोकांनी चार सवाल केले असते. रशीदचं नाव घेतलं, कुणी सवाल केला न्हाई. तसं होणार, हे मला ठाऊक होतं. ते ठाऊक असूनच मी ते नाव घेतलं.

चेअरमननी समोर हाक मारली. रशीदभाई चिंधीला हात पुसत आला.

"जीपचा जॅक तुझ्याकडं राहिला म्हणं?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. फार वेळ न्हाई. मग मान वळवून गावाकडं बघितलं — माझं घर होतं त्या अंगाला. मग खाली.

"असंल," तो म्हणाला. "कामाच्या गर्दीत राहिला असंल. चूक झाली माझी."

एक म्हातारी म्हणाली, "चूक कसली! इकून खाल्ला असंल."

तो मागं वळला. टपरीत गेला आन् त्याचा जुना जॅक — तोच, मला देत होता तो — आणून जीपमधी ठेवला. चेअरमनपुढं.

त्यानं गावाकडं का बघितलं, ते मला तवाच कळलं. त्यानं खरं सांगितलं असतं तर चेअरमननी त्याच घडीला माणूस पाठवून जॅक काढून आणला असता. आन् त्या खांबाशेजारी बाजंवर बारा दिवसांचं लेकरू निजलेलं. मला माझी लाज दिसत होती. त्याला माझं घर दिसत होतं.

दुपारी मी त्याच्या टपरीवर गेलो. तो ट्यूबला ठिगळ घासत होता. मी उभाच. त्यानं मान वर न करता विचारलं, "भाभी कशी हाय?"

"बरी हाय."

"पोरगी?"

"बरी हाय."

"आधी खांब बदल," तो म्हणाला. "मग बघू."

मग बघू! एवढा मोठा वेळ त्यानं मला दिला होता. महिन्याभरानं ऊसतोडीचा हंगाम सरला, सुतार गावात आला. मी त्याला बोलावलं न्हाई. खांब बदलला असता तर जॅक बाहेर काढावा लागला असता. जॅक बाहेर निघाला असता तर ते 'मग' आलं असतं. मी कौसाला म्हणालो, गंज चढंल, ह्याला चारी बाजूनं लिंपून घे. तिनं माती मळली, शेण घातलं, आन् खांबाच्या बुडाला छोटा ओटा केल्यासारखं लिंपून घेतलं. स्वतःच्या हातानं. तिला ठाऊक बी न्हवतं, ती काय झाकतीय. एक कोनाडा तेवढा मोकळा ठेवला. खंडेनवमीला माझी हत्यारं पुजायची तवा त्या कोनाड्यात हळदकुंकू लावायची. म्हणायची, "रशीदभाऊचा हात हाय आपल्या घराखाली."

तिच्या बी कानावर आलंच होतं. टँकरवर बाया बोलत होत्या. तिनं मला विचारलं होतं, "सोसायटीचा जॅक हरवला म्हणं रशीदभाऊनं. हाच तर न्हवं?" मी म्हणालो, "हा त्याचा स्वतःचा. तो वेगळा." ती म्हणाली, "ज्यानं स्वतःचा जॅक उचलून आपल्याला दिला, त्यो दुसऱ्याचा कशाला ठेवील? लोकांचं काय खरं न्हाई." टँकरवर ती बायांशी भांडली त्याच्यावरून. ओल्या अंगाची बाई, कडेवर लेकरू, आन् सगळ्या गावाशी भांडती. बरोबर तीच एकटी होती. आन् तिलाच मी फसवत होतो.

गावात म्हण पडली. कुणाचं काही हरवलं — दोरी, चप्पल, शेळी — की लोक म्हणायचे, "रशीदच्या दुकानात बघ." त्याच्या तोंडावर म्हणायचे. तो बी हसायचा. सोसायटीनं जीपचं काम त्याच्याकडून काढून घेतलं, मग बाकीच्यांनी बी हळूहळू काढलं. एकदा पारावर कुणी तरी ती म्हण टाकली आन् सगळे हसले. मी बी हसलो. तो समोरून सायकलवर चालला होता. त्यानं मला हसताना बघितलं.

दोन-तीन वर्सांनी त्यानं फाटा सोडला आन् धारूरला बाजारात दुकान टाकलं. लोक म्हणाले, बरं झालं, तिथं धंदा चांगला हाय. मी बी तसंच म्हणालो.

कौसा मात्र त्याला विसरली न्हाई. येळवशीला, म्हंजे वेळ आवसेला, शेतात पूजा झाली की पैला डबा त्याचा — मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आन् गाडग्यात आंबील. माझ्या हाती पाठवायची. कधी स्वतः यायची संगं. म्हणायची, "भाऊ, तुमच्यामुळं डोक्यावर छप्पर हाय." तो खाली बघायचा. "अल्लाची मेहरबानी, भाभी." मी बाजूला गाडीचा आरसा पुसत उभा असायचो.

सोसायटी कवाच बुडाली. जीप भंगारात गेली. मी दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, कधी जॅकवाचून निघालो न्हाई. पुढं आमी माळवद पाडून स्लॅबचं घर बांधलं. खांब निघाला तवा तो जॅक बी निघाला, मातीच्या ढेकळात अडकलेला. त्या मातीवर कौसाच्या बोटांच्या रेघा होत्या, लिंपतानाच्या. तिनं ती माती भिजवून काढली, जॅकला तेल दिलं, जुन्या लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवला. "आता द्या नेऊन रशीदभाऊला." मी देतो म्हणालो. दर वर्सी ती विचारायची, दर वर्सी मी देतो म्हणायचो. पेटी उघडली की लुगड्याचा तो गठ्ठा दिसायचा आन् मी पेटी मिटायचो.

शेवटच्या दुखण्यात ती बोलायची थोडं. एक दिवस सकाळी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, सुरेखाचं काही सांगायचंय. म्हणाली, "त्यो जॅक तेवढा देऊन टाका. माणसाची वस्तू आपल्याकडं राहू ने."

घरात आमी दोघंच. तिचा हात माझ्या हातात. ह्याच्याहून सोपा वक्त मला कधी मिळणार होता? एकच वाक्य तर होतं. तिनं मला टाकून दिलं नसतं. कुठं टाकणार होती, अंथरुणावरून? पण मला वाटलं, तिच्या डोळ्यात आता जो मी हाय, तोच राहू दे. खांब भिडवला त्या दिवशीचा.

मी म्हणालो, "देतो."

ती गेली. दिवसकार्य झालं. मग एका सकाळी मी तो गठ्ठा घेतला आन् एस.टी.नं धारूरला गेलो.

रशीदभाई दुकानाबाहेर खुर्चीवर बसला होता. डोळ्यात मोतीबिंदू, दाढी पांढरीफेक. आत त्याचा पोरगा मोटारसायकलचं चाक खोलत होता. मी आवाज दिला तसा त्यानं ओळखला. "डायवर? ये. भाभीचं कळलं मला. येता आलं न्हाई, डोळ्यानं दिसत न्हाई रे." मी गठ्ठा त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं लुगडं सोडलं. जॅकवरून हात फिरवला — बुडापासून, आट्यांवरून, वर डोक्यापर्यंत. डोळ्यापेक्षा त्याचे हात जास्ती बघतात.

"सोसायटीचा हाय की हा," तो म्हणाला.

इतक्या वर्सांत पैल्यांदा त्या गोष्टीवर आमच्यात शब्द निघाला.

"हां."

"भाभीनं लई जपला. तेल दिलंय." मग हळूच म्हणाला, "आता कुणाला देणार तू हा? सोसायटी तर राहिली न्हाई. माझ्याकडं का आणला?"

"तिनं सांगितलं. तिला वाटायचं, तुझा हाय."

त्याचा हात थांबला.

"माझा?"

"मी तिला तसं सांगितलतं. पैल्या दिवसापासून. तू दिलास म्हणून."

त्याचे डोळे माझ्याकडं होते, पण दिसत न्हवतं त्यांना. आत पोरगा नटावर हातोडी मारत होता. ती थांबली तवा रशीदभाई बोलला.

"मला वाटायचं, भाभीला ठाऊक हाय," तो म्हणाला. "ती डबा आणायची. म्हणायची, भाऊ, तुमच्यामुळं छप्पर हाय. मला वाटायचं, तू तिला सांगितलंस सगळं. गावात एका माणसाला तरी ठाऊक हाय, असं वाटायचं."

मला जे वाटलं ते मी लिहीत न्हाई. ते माझं हाय.

एवढ्या वर्सांत त्याच्याकडं त्या गावातलं एकच माणूस होतं. तेबी त्या सकाळी मी काढून घेतलं.

पोरगा बाहेर आला, जॅक बघितला. "अब्बा, कित्ती पुराना हाय हा! भंगारात टाकू?"

रशीदभाईनं ते लुगडं परत जॅकवर गुंडाळलं. हळू. एकेक पदर सारखा करत.

"आत ठेव," तो म्हणाला. "भाभीनं पाठवलाय."

मी एस.टी.नं परत आलो. त्यानं मला चहा पाजला होता. मी प्यालो होतो.

परवा देवळासमोर एका पोराची चप्पल गेली. दुसरं पोर म्हणालं, "रशीदच्या दुकानात बघ." त्या पोरानं रशीदभाईला कधी बघितलं बी नसंल. त्याच्या बापानं बी म्हण ऐकूनच उचलली असंल. माणूस गावातून गेला, ती म्हण इथंच राहिली. त्याच सांजंला मी नातीची एक जुनी वही काढली, जिच्यात मागं कोरी पानं होती.

पुढच्या नोकऱ्यांत वागवलेला माझा दुसरा जॅक मी जावयाच्या गाडीत ठेवला न्हाई. त्यांचं बरोबर असंल, आता माणूस फोन केल्यावर येत असंल. मी कुणाला शिकवायला हे लिहीत न्हाई.

जॅक रशीदभाईकडं राहिला न्हवता. एक दिवस बी न्हाई. तो माझ्या घरात, माझ्या खांबाखाली होता. तिथं तो मी ठेवलता, माझ्या हातानं, आन् तो कुठं हाय हे मला रोज ठाऊक होतं.